वजनाचा वैरी : कॉलिन चॅपमन

पावसाळ्यात चिखलाच्या चढणीवर रुतलेली मोटार ज्याने पाहिली असेल, त्याला एक गोष्ट निराळी समजावून सांगावी लागत नाही. इंजिन कितीही गरजले तरी चाक जागच्या जागी गरगरत राहते, चिखल मागे उडतो आणि गाडी तसूभर पुढे सरकत नाही. अशा वेळी कोणी जाणता मनुष्य दोघातिघांना गाडीच्या मागच्या भागावर बसवतो. चाकांवर भार येतो, रबर मातीला धरते आणि गाडी हलते. शक्ती असणे वेगळे आणि ती जमिनीपर्यंत पोचवणे वेगळे, हा धडा त्या चिखलात फुकट मिळतो. पण या धड्याला दुसरी बाजू आहे. चढणीवर जो भार तारतो, तोच सपाटीवर वेग खातो, वळणावर गाडीला बाहेर ओढतो आणि थांबताना ब्रेकांना दमवतो. म्हणजे भार हवाही आणि नकोही! या कोड्याचा एका इंग्रज इंजिनिअराने सबंध आयुष्यभर पाठपुरावा केला. त्याला उत्तर सापडलेही. परंतु त्या उत्तराचे मोल त्याच्यापेक्षा इतरांनीच अधिक चुकते केले. त्या कॉलिन चॅपमनची ही कहाणी आहे.

अँथनी कॉलिन ब्रूस चॅपमनचा जन्म १९ मे १९२८ रोजी लंडनजवळच्या रिचमंड येथे झाला. त्याचे वडील उत्तर लंडनच्या हॉर्न्सी भागात रेल्वे हॉटेल नावाचे मद्यगृह चालवीत. कॉलिनचे बालपण तेथेच गेले. गिऱ्हाइकांची ये-जा, व्यवहाराची बोलणी आणि नफ्यातोट्याची चर्चा ऐकत वाढलेल्या या मुलाच्या अंगी व्यापारी बुद्धी आणि गोड जीभ उपजतच आली असावी. १९४५ साली तो लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात दाखल झाला. त्याने निवडलेला विषय मोटारीचा नव्हता. तो होता इमारती, पूल आणि कैच्या यांच्या रचनेचा. कोणत्या दांड्यावर किती ताण येतो, कोणता दांडा दाबला जातो आणि कोणता नुसताच शोभेला उभा आहे, हे ओळखण्याची विद्या तो शिकत होता. पुढे जगातल्या नामांकित मोटार कारखान्यांना त्याने जे चकित केले, त्याचे मूळ या विद्येत आहे. मोटारीकडे त्याने लोहाराच्या नजरेने कधी पाहिलेच नाही. पूल बांधणाऱ्याच्या नजरेने पाहिले.

विद्यार्थिदशेतच त्याने एका मित्रासह जुन्या मोटारींच्या खरेदीविक्रीचा धंदा आरंभला. महायुद्धानंतर इंग्लंडात नव्या गाड्या बहुतांशी निर्यातीसाठी जात. साहजिकच जुन्या गाड्यांना सोन्याचा भाव आला होता. परंतु १९४७ च्या अखेरीस सरकारने खाजगी मोटारींचे मूळ पेट्रोल-रेशनच बंद केले आणि एका रात्रीत बाजार बसला. चॅपमनने मिळवलेला सगळा नफा बुडाला. हाती उरली ती कोणीही घेईना अशी एक गाडी, १९३० सालची ऑस्टिन सेव्हन.

ही ऑस्टिन सेव्हन म्हणजे इंग्लंडातील मध्यमवर्गाची लाडकी चिमुकली मोटार. १९२२ साली ती बाजारात आली आणि १९३९ पर्यंत तिचे सुमारे २,९०,००० नग निघाले. तिच्या इंजिनाची धारणा अवघी ७४७ सी.सी.; आपल्याकडे १९८३ च्या अखेरीस आलेल्या मारुती ८०० चे ७९६ सी.सी.चे इंजिनही तिच्यापेक्षा मोठे म्हणावे लागेल. अशा या विकल्या न जाणाऱ्या गाडीचे करायचे काय? चॅपमनने तिचे शर्यतीच्या गाडीत रूपांतर करण्याचे ठरवले. हेझल विल्यम्स ही त्याची मैत्रीण आणि पुढे १९५४ मध्ये त्याची पत्नी. तिच्या आईवडिलांच्या घरामागे, मझवेल हिल येथे, एक लहानसे गॅरेज होते. तेच त्याचे पहिले कार्यालय आणि पहिला कारखाना.

शर्यत म्हणताच आपल्या डोळ्यांपुढे वेग उभा राहतो. पण चॅपमनने निवडलेला खेळ वेगाचा नव्हता. इंग्लंडात हौशी मोटारवाल्यांचा ट्रायल नावाचा एक प्रकार फार लोकप्रिय होता. चिखलाने भरलेल्या, दगडधोंड्यांच्या चढणीवर गाडी घालायची आणि न थांबता जितके वर जाता येईल तितके जायचे; जो थांबला तो हरला. येथे जिंकते ती चाकांची पकड. जुन्या ऑस्टिनचे डगमगते शरीर चॅपमनने उतरवले आणि त्या जागी प्लायवुडवर ॲल्युमिनियमचा पत्रा चिकटवलेल्या फळ्यांचे हलके व ताठ शरीर बसवले. विमानांच्या बांधणीत आतल्या आडव्या भिंतीच सांगाड्याला बळ देतात. तीच युक्ती त्याने येथे योजली. कवच नुसते झाकण राहिले नाही, गाडीचा भार पेलण्यात तेही सामील झाले. १९४८ साली रस्त्यावर आलेल्या या गाडीला त्याने लोटस, म्हणजे कमळ, असे नाव दिले. हे नाव का दिले, ते त्याने जगाला कधी सांगितले नाही. चिखलात जन्मलेल्या गाडीला याहून समर्पक नाव कोणते असते, असे मात्र आपल्या मनात आल्यावाचून राहत नाही.

यथावकाश त्याने पदवीही मिळवली. अर्थात गणिताची शेवटची प्रश्नपत्रिका पुन्हा देऊन, एक वर्ष उशिराने. मध्यंतरी विद्यापीठाच्या वायुपथकात तो विमान चालवायला शिकला, काही काळ हवाई दलात राहिला. पण तेथे कायम राहण्यात त्याला रस नव्हता. पुढे ब्रिटिश ॲल्युमिनियम कंपनीत त्याने नोकरी धरली. दिवसा हलक्या धातूचा अभ्यास आणि रात्री मोटारी, असा क्रम सुरू झाला. माणसाच्या आवडीने आणि उपजीविकेने एकमेकींना इतके पूरक व्हावे, हे भाग्य थोड्यांनाच लाभते.

आता त्याचे लक्ष खऱ्या शर्यतीकडे वळले. ऑस्टिन सेव्हनच्याच भागांवर आधारलेल्या स्वस्त गाड्यांच्या शर्यती ७५० मोटार क्लब भरवीत असे. सर्वांचे इंजिन एकच, सर्वांची ऐपत बेताची. तेव्हा जिंकायचे ते बुद्धीनेच. १९५१ साली मायकेल आणि नायजेल ॲलन या भावांच्या साहाय्याने चॅपमनने तिसरी लोटस तयार केली आणि त्या जुनाट इंजिनात दडलेली शक्ती बाहेर काढली. ती कशी, हे समजून घेण्याजोगे आहे. इंजिनाची शक्ती म्हणजे अखेर त्याने दर मिनिटाला जाळलेले हवा-पेट्रोलचे मिश्रण. इंजिन जितका मोकळा श्वास घेईल तितके बळ देईल. ऑस्टिनच्या इंजिनाला सिलिंडर चार, पण मिश्रण आत येण्याच्या वाटा दोनच. एकेका वाटेवर दोनदोन सिलिंडर. जोडीतली दोन्ही सिलिंडर लागोपाठ श्वास ओढत. चाळीतल्या एकाच नळावर दोन बिऱ्हाडांनी एकदम हंडे लावावेत आणि दुसऱ्याचा हंडा अर्धाच भरावा, तशी त्यांची अवस्था होई. चॅपमनने या सामाईक वाटा विभागून चारही सिलिंडरांना स्वतंत्र वाट करून दिली. इंजिन न वाढवता, त्याचा एक थेंबही आकार न बदलता शक्ती वाढली. त्या मोसमात त्याच्या गाडीपुढे कोणाचा टिकाव लागेना. अखेर क्लबाने नियमात दुरुस्ती करून ही युक्तीच निषिद्ध ठरवली. नियमांच्या ओळींमधली मोकळी जागा वाचायची, तिच्यातून पुढे जायचे आणि मग नियम बदलले जायचे, हा प्रकार त्याच्या आयुष्यात पुढे अनेकदा घडणार होता.

परंतु शक्ती वाढवण्याला मर्यादा असते. लहान इंजिनातून दुप्पट बळ काढू जावे, तर ते तापते, झिजते, फुटते. गाडीचे वजन निम्मे केले तर? ८० अश्वशक्तीची ८०० किलोची गाडी आणि ४० अश्वशक्तीची ४०० किलोची गाडी, दोघींच्या प्रत्येक किलोमागे शक्ती सारखीच. सपाटीवर त्या जवळपास सारख्याच चपळाईने निघतील. पण वळण आले की हलकी गाडी कमी ओढली जाईल, ब्रेक दाबताच लवकर थांबेल, तिचे टायर कमी झिजतील आणि पेट्रोल कमी जळेल. वाढवलेली शक्ती सरळ रस्त्यावर उपयोगी पडते. घटवलेले वजन सर्वत्र उपयोगी पडते. हे गणित अनेकांना ठाऊक होते. चॅपमनने मात्र त्यालाच आपला धर्म मानले.

याच्या जोडीला त्याचे आणखी एक तत्त्व होते. त्या काळी शर्यतीच्या गाडीला कडक स्प्रिंगा घालण्याची चाल होती. गाडीचा सांगाडा लवचीक असल्याने वळणावर तो पिळला जाई आणि स्प्रिंगा कडक केल्यावाचून गाडी ताब्यात राहत नसे. पण कडक स्प्रिंगेवरचे चाक खड्ड्यावरून उसळते. हवेत असलेल्या चाकाला कसली आली पकड? चॅपमनने क्रम उलटा केला. सांगाडा शक्य तितका ताठ, स्प्रिंगा मात्र मऊ. ताठ सांगाड्यामुळे प्रत्येक चाक आपल्या जागी राहते आणि मऊ स्प्रिंगेमुळे ते रस्त्याच्या उंचसखलपणामागे जाऊन भूमीला सोडत नाही. ट्रायलच्या चिखलात उमगलेले मर्म त्याने अशा रीतीने शर्यतीच्या डांबरी रस्त्यावर आणले.

१ जानेवारी १९५२ रोजी लोटस इंजिनिअरिंग ही कंपनी स्थापन झाली. भांडवल होते हेझलकडून उसने घेतलेले २५ पौंड आणि जागा होती वडिलांच्या हॉटेलामागचे जुने तबेले. तेथे तयार झालेल्या सहाव्या लोटसचा सांगाडा बारीक पोलादी नळ्यांच्या त्रिकोणांचा होता, रेल्वेच्या पुलासारखा. त्याचे वजन सुमारे २५ किलो; दोन माणसांनी सहज उचलावे इतके! गाडी सुट्या भागांत विकली जाई. तिच्यात साध्या फोर्डचे इंजिन आणि आस बसवून हौशी माणूस आपल्या घरी ती जोडून घेई. तयार गाडीवर जबर विक्रीकर असे, सुट्या भागांवर नसे. तेव्हा तरुणांच्या खिशाला हे परवडे. सुट्या भागांबरोबर जोडणीच्या सूचना देण्यास मनाई होती, म्हणून लोटसने गाडी खोलण्याच्या सूचना दिल्या आणि गिऱ्हाइकाने त्या शेवटून वाचल्या, अशी एक आख्यायिका आहे. आख्यायिका असली, तरी ती चॅपमनच्या स्वभावाला शोभते. १९५७ साली आलेली लोटस सेव्हन ही या परंपरेतली सर्वांत दीर्घायुषी गाडी. तिचे वजन अर्धा टनही नव्हते. १९७३ मध्ये तिचे हक्क केटरहॅम या संस्थेकडे गेले आणि तिच्याच वंशातल्या गाड्या आजही तयार होतात.

लहान इंजिनाच्या शोधात चॅपमनला एक विलक्षण वस्तू गवसली. कॉव्हेंट्री क्लायमॅक्स या कंपनीने अग्निशामक दलाच्या पंपासाठी एक इंजिन घडवले होते. दोघांचौघांनी हातांनी उचलून आगीपाशी न्यायचे म्हणून ते मुद्दाम हलके, ॲल्युमिनियमचे केलेले. त्याचीच १,०९८ सी.सी.ची शर्यतीची आवृत्ती निघाली आणि चॅपमनने ती आपल्या गाड्यांत बसवली. १९५६ साली आलेली लोटस इलेव्हन तर वाऱ्यानेच घासून गुळगुळीत केल्यासारखी होती. १९५७ मध्ये फ्रान्सच्या ल मां येथील चोवीस तासांच्या शर्यतीत १,१०० सी.सी.चा वर्ग तिने जिंकला. त्याच वेळी तिच्या ७५० सी.सी.च्या भगिनीने, इंजिनाच्या आकारमानाच्या तुलनेत उत्तम कामगिरी करणाऱ्या गाडीला मिळणारे, फ्रेंचांना फार प्रिय असलेले पारितोषिक पटकावले. तबेल्यातून निघालेल्या कंपनीला अवघी साडेपाच वर्षे झाली होती.

सामान्य माणसाच्या मोटारीवर हे संस्कार कसे होतात, याचा उत्तम दाखला म्हणजे १९६३ सालची लोटस कॉर्टिना. फोर्डची कॉर्टिना ही साधी कुटुंबवत्सल गाडी. तिचे मूळ इंजिन जेमतेम ५० अश्वशक्तीचे. चॅपमनच्या कारखान्याने तिच्यात १,५५८ सी.सी.चे, माथ्यावर दोन कॅमशाफ्ट असलेले इंजिन बसवले आणि शक्ती १०५ वर नेली. दरवाजे, बॉनेट आणि डिकीचे झाकण हलक्या धातूचे केले. बॅटरी पुढून काढून डिकीत ठेवली, म्हणजे एक ग्रॅमही न वाढवता मागच्या, ढकलणाऱ्या चाकांवर भार आला. मागचे पाटे काढून त्यांच्या जागी वेटोळ्यांच्या स्प्रिंगा आणि आसाला धरून ठेवणारा एक त्रिकोणी दांडा दिला. १९६४ मध्ये जिम क्लार्कने या गाडीवर ब्रिटनची सलून मोटारींची अजिंक्यपदमाला जिंकली. वळणावर तिचे आतले पुढचे चाक हवेत उचललेले असे आणि मागची दोन्ही जमिनीला घट्ट धरून असत. हे दृश्य पाहायला लोक गर्दी करीत. परंतु याच गाडीत चॅपमनच्या पद्धतीचा दोषही उघडा पडला. त्या त्रिकोणी दांड्याच्या ताणाने मागच्या डिफरन्शिअलच्या पेटीचे बोल्ट सैल होत आणि तेल गळे. शर्यतीपुरते ठीक होते. रोज कचेरीत जाणाऱ्याला ते कसे चालावे? १९६५ मध्ये फोर्डने मुकाट्याने जुने पाटे परत आणले. किती काढून टाकावे याचा चॅपमनला जितका अचूक अंदाज होता, तितका किती राहू द्यावे याचा नव्हता.

जागतिक अजिंक्यपदाच्या मोठ्या शर्यतींत लोटस १९५८ साली उतरली. १९६० मध्ये स्टर्लिंग मॉसने मोनॅको येथे लोटसचा पहिला विजय नोंदवला. १९६२ ची पंचविसावी लोटस म्हणजे नळ्यांचा सांगाडा टाकून पत्र्याच्या पेटीसारख्या पोकळ कवचालाच सांगाडा केलेली गाडी. स्कॉटलंडच्या शेतकरी घराण्यातला अबोल जिम क्लार्क आणि बडबड्या, धूर्त, उतावळा चॅपमन यांची जोडी म्हणजे त्या दशकाचे आश्चर्य. क्लार्कने १९६३ आणि १९६५ अशी दोनदा अजिंक्यपदे मिळवली. १९६५ मध्येच अमेरिकेतील इंडियानापोलिसची ५०० मैलांची शर्यत त्याने २०० पैकी १९० फेऱ्यांत आघाडीवर राहून जिंकली. मागे इंजिन असलेल्या गाडीने ती शर्यत जिंकण्याची ही पहिलीच वेळ. १९६७ सालच्या एकोणपन्नासाव्या लोटसमध्ये इंजिन सांगाड्यावर ठेवलेले नव्हते; इंजिन हाच सांगाड्याचा मागचा भाग होता. ते इंजिन घडवणारा कीथ डकवर्थ हा एके काळचा लोटसचाच नोकर. एका भागाने दोन कामे केली तर दुसरा भाग फेकून देता येतो, हा चॅपमनचा सिद्धांत तेथे कळसाला पोचला. हॉलंडमधील झांडफूर्टच्या पहिल्याच शर्यतीत क्लार्कने ती गाडी विजयी केली.

आणि मग हिशेब चुकते होऊ लागले. ७ एप्रिल १९६८ रोजी जर्मनीतील हॉकेनहाइम येथे एका दुय्यम शर्यतीत क्लार्कची लोटस रस्ता सोडून झाडांत शिरली आणि तो जागीच गेला. चॅपमनला हा आघात सख्खा भाऊ गेल्यासारखा होता. महिना भरतो न भरतो तोच माइक स्पेन्स इंडियानापोलिसला लोटसच्या चाकामागे मृत्यू पावला. तरीही काम थांबले नाही. त्याच वर्षी चॅपमनच्या गाड्यांना उलट्या विमानपंखांसारखे पंख आले. विमानाचा पंख यंत्राला वर उचलतो. तो उलटा लावला तर गाडीला खाली दाबतो. वजन न वाढवता चाकांवर भार! चिखलातल्या चढणीवरचे कोडे सुटू लागले होते. पण ते पंख उंच, बारीक दांड्यांवर उभे होते. ४ मे १९६९ रोजी बार्सिलोनाच्या शर्यतीत एकाच उंचवट्यानंतर ग्रॅहॅम हिल आणि योखेन रिंट या दोघांचेही पंख मोडले आणि दोन्ही गाड्यांचा चक्काचूर झाला. दोघेही वाचले. लवकरच मोनॅकोत असे उंच पंख निषिद्ध ठरले. जखमी रिंटने चॅपमनला पत्र लिहिले. गाड्या आधीच इतक्या वेगवान आहेत की नाजूक भाग भक्कम करण्यासाठी थोडे वजन वाढले तरी बिघडणार नाही, अशी त्याची विनवणी होती.

पुढल्या वर्षी बहात्तरावी लोटस आली. चाकाबरोबर वरखाली होणारे वजन घटवावे, म्हणजे चाक रस्त्याला अधिक चांगले धरील, म्हणून तिचे पुढचे ब्रेक चाकांतून काढून गाडीच्या आत बसवले होते; ब्रेक आणि चाक यांना जोडणारा एक दांडा काय तो मध्ये होता. विचार अचूक होता. रिंटने या मोसमात पाच शर्यती जिंकल्या. ५ सप्टेंबर १९७० रोजी इटलीतील मोन्झा येथे सरावात ब्रेक लावताना तोच दांडा तुटला, गाडी कठड्यावर आदळली आणि रिंट मृत्यू पावला. कठडा नीट बसवलेला नव्हता आणि मृत्यूला तो कारण झाला, असा चौकशीचा निष्कर्ष निघाला. पण आरंभ त्या दांड्यापासून झाला होता, हेही कोणी नाकारले नाही. त्याचे गुण उरलेल्या शर्यतींत कोणालाच गाठता आले नाहीत. मरणोत्तर जागतिक अजिंक्यपद मिळालेला तो आजवरचा एकमेव चालक आहे.

चॅपमनला निर्दय म्हणणारे लोक आहेत. ते पूर्णपणे खरे नव्हे. चालकांच्या मृत्यूने तो खचत असे. परंतु शोक ओसरला की पुन्हा तो आराखड्याच्या फळ्यापुढे उभा राही आणि पुन्हा हात आपसूक वजन कापू लागे. पूल बांधणारा इंजिनिअर आपल्या गणितात सुरक्षिततेसाठी काही अधिक बळ राखून ठेवतो; शर्यतीच्या गाडीत हे राखीव बळ म्हणजे वाया गेलेले वजन, असे त्याला वाटे. मात्र ते राखीव बळ कोणासाठी ठेवायचे असते, हे पूल शिकलेल्या माणसाला माहीत नव्हते असे कसे म्हणावे?

१९७२ मध्ये ब्राझीलच्या एमर्सन फिट्टिपाल्डीने लोटसला आणखी एक अजिंक्यपद मिळवून दिले. त्यानंतर आला चॅपमनच्या प्रतिभेचा शेवटचा आणि सर्वांत मोठा आविष्कार. पीटर राइट आणि त्याचे सहकारी लंडनच्या इंपीरियल कॉलेजच्या वायुबोगद्यात प्रयोग करीत असता त्यांना आढळले की, गाडीच्या दोन्ही बाजूंच्या तळाला उलट्या पंखाचा आकार दिला आणि तो जमिनीजवळ आणला, तर खालून वेगाने वाहणारी हवा गाडीला जमिनीकडे ओढून घेते. कडेने सरकत्या पट्ट्या लावून ही हवा कोंडली की ओढ आणखी वाढते. आता पंखाचे खांबही नकोत. गाडी स्वतःच पंख झाली! वेग जितका अधिक, तितकी पकड अधिक आणि तराजूवर वजन तेवढेच. १९७८ मध्ये एकोणऐंशीव्या लोटसने प्रतिस्पर्ध्यांना निष्प्रभ केले. मारिओ आंद्रेत्ती अजिंक्य ठरला. परंतु ज्या मोन्झाला तो अजिंक्य ठरला, तेथेच त्याच दिवशी शर्यत सुरू होताना झालेल्या अपघातात त्याचा सहकारी रॉनी पीटरसन जखमी झाला आणि दुसऱ्या दिवशी दगावला. लोटसच्या पानावर विजय आणि मृत्यू हे दोन शब्द एकाच शाईने लिहिले जात होते.

अखेरची वर्षे काळवंडली. अमेरिकेतील जॉन डीलोरियन याने ब्रिटिश सरकारच्या पैशावर बेलफास्टजवळ मोटारीचा कारखाना काढला आणि त्या मोटारीच्या घडणीचे काम लोटसला दिले. त्यासाठी निघालेले सुमारे १ कोटी ७६ लाख डॉलर परदेशातल्या एका आडवळणी कंपनीकडे गेले आणि तेथून गडप झाले. १९८२ मध्ये तो कारखाना बुडाला व चौकशीची चक्रे फिरू लागली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ऑस्ट्रियात एलिओ दे अँजेलिसने सेकंदाच्या विसाव्या भागाइतक्या फरकाने शर्यत जिंकली, तेव्हा चॅपमनने आपल्या नेहमीच्या रीतीने काळी टोपी हवेत उडवली. ती शेवटचीच. १६ डिसेंबर १९८२ रोजी पहाटे नॉरफोकमधील घरी हृदयविकाराने त्याचा अंत झाला. वय अवघे ५४. दहा वर्षांनी, १९९२ मध्ये, लोटसच्या अर्थव्यवहाराच्या माजी प्रमुखाला या प्रकरणात तुरुंगवास झाला. चॅपमन हयात असता तर त्याला किमान दहा वर्षांची शिक्षा झाली असती, असे मत त्या वेळी न्यायाधीशांनी नोंदवले. मृताला बाजू मांडता येत नाही. पण त्या पैशाचा डाग त्याच्या नावावरून पुसला गेला नाही, हेही खरे.

त्याच्या हयातीत लोटसच्या चालकांनी सहा आणि लोटस कंपनीने सात जागतिक अजिंक्यपदे मिळवली. पण त्याचे खरे स्मारक त्या चषकांत नाही. ताठ सांगाडा आणि मऊ स्प्रिंगा, भार पेलणारे कवच, हवेने मिळवलेली पकड हे त्याने घासूनपुसून दाखवलेले विचार आज मोटारविद्येच्या पाठ्यपुस्तकांत पहिल्या पानांवर आहेत. काळाची गंमत अशी की, २०२२ साली त्याच लोटसच्या नावाने सादर झालेली एक विजेवरची मोटार सुमारे अडीच टन वजनाची आहे. २५ किलोचा सांगाडा हातात उचलणाऱ्या त्या माणसाने तिच्याकडे कोणत्या नजरेने पाहिले असते, याची कल्पनाच केलेली बरी.

चॅपमनचे चरित्र वाचून मनात राहते ते चिखलातले ते पहिले दृश्य. एक जुनाट, कोणी घेईना अशी गाडी. शेजारी बसलेली हेझल. आणि निसरड्या चढणीवर एकेक वीत वर चढणारा एक वीस वर्षांचा मुलगा. जे नको ते काढून टाकावे, हे तो तेव्हाच शिकला होता. थोरांच्या गुणांइतक्याच त्यांच्या चुकाही मागच्यांना शिकवून जातात. काय काढून टाकावे हे ज्याला कळते तो कुशल होय. आणि काय कधीही काढू नये हे ज्याला कळते तो शहाणा. चॅपमनच्या कौशल्याला तोड नव्हती. त्या दुसऱ्या ज्ञानाची किंमत मात्र क्लार्क, स्पेन्स, रिंट आणि पीटरसन यांच्या नावांपुढे लिहिलेली आहे. पुढच्या काळात मोटारशर्यतींनी हलकेपणाबरोबर चालकाच्या रक्षणाचेही गणित मांडायला सुरुवात केली, तेव्हा त्या गणिताच्या मुळाशी हीच नावे होती.